व्हाइट माउंटन्सचे जुने नकाशे कसे वाचावेत: नवख्यांसाठी पायरीपायरीने

न्यू हॅम्पशायरच्या उत्तर भागात पसरलेलं आणि थोडंसं शेजारच्या मेन राज्यात शिरलेलं व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्ट आज सुमारे ८ लाख एकरांचं आहे. बोस्टनहून दोन-तीन तासांत तिथे पोहोचता येतं. त्यामुळे शरद ऋतूत पानं रंगली की अमेरिकेच्या ईशान्येला राहणारी कितीतरी मराठी मंडळी तिथे जाऊन येतात. गर्द झाडी, नितळ ओढे, वर माउंट वॉशिंग्टनचा उघडा माथा. हे जंगल पूर्वापार असंच असणार, असं कुणालाही वाटावं. प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुन्हा उगवलेला आहे.

१८६७ मध्ये राज्य सरकारने इथली उरलीसुरली सरकारी जमीन विकून टाकली. लाकूड कंपन्या आल्या, दऱ्यादऱ्यांतून त्यांनी रुळांचे फाटे नेले आणि डोंगरच्या डोंगर बोडके केले. तोडीनंतर पडून राहिलेल्या फांद्या-शेंड्यांच्या ढिगांनी पेट घेतला. झीलंडच्या खोऱ्यात १८८६ मध्ये मोठी आग लागली, १९०३ मध्ये तर ठिकठिकाणी वणवे भडकले. लोकांचा संताप वाढत गेला आणि १ मार्च १९११ रोजी वीक्स कायदा झाला. तो मांडणारे खासदार जॉन वीक्स निवडून आले होते मॅसॅच्युसेट्समधून, पण जन्माने ते न्यू हॅम्पशायरमधल्या लँकेस्टरचे. पश्चिमेत राष्ट्रीय वनं सरकारी जमिनीतूनच काढता आली होती; पूर्वेला मात्र जमीन खाजगी मालकीची होती, ती विकत घ्यावी लागणार होती. ती मुभा या कायद्याने दिली. त्यातूनच १९१८ मध्ये व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्ट जाहीर झालं.

यूएसजीएसचे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे इथले स्थलनिर्देशक नकाशे नेमके याच उलथापालथीच्या काळात काढले गेले. ते आज फुकट मिळतात, आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात आणि जंगलात चालताना सोबत नेता येतात. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. जुन्या आणि नव्या नकाशात फरक दिसला की त्यामागे तीन शक्यता असतात: जमीन बदलली, माणसाने काही बांधलं-मोडलं, किंवा मोजण्याची पद्धत बदलली. तिसरं कारण सगळ्यांत जास्त वेळा खरं ठरतं आणि नवखा माणूस नेमका त्याचाच विचार करत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही तीन कारणं वेगळी ओळखता यावीत म्हणून आहेत.

पायरी १: कोणत्या काळात कोणते नकाशे, याचा अंदाज घ्या

यूएसजीएसची स्थापना १८७९ ची. साऱ्या देशाचे नकाशे काढायचं काम १८८० च्या दशकात सुरू झालं आणि व्हाइट माउंटन्सची पहिली शीट्स १८९० च्या दशकात आली. त्यांचं प्रमाण १:६२,५००, म्हणजे साधारण एका इंचाला एक मैल. एका शीटमध्ये १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढा भाग मावतो.

सह्याद्रीत सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट वापरून भटकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. आपली १:५०,००० ची शीटही १५ बाय १५ मिनिटांची असते आणि त्याआधीची जुनी शीट्स बरोबर इंचाला मैल, म्हणजे १:६३,३६० ची होती. आपल्याकडे शीट ४७ एफ वगैरे क्रमांकाने मागतात, अमेरिकेत ते नावाने मागतात. 'माउंट वॉशिंग्टन', 'क्रॉफर्ड नॉच' (नॉच म्हणजे खिंड), 'फ्रँकोनिया' ही सगळी शीट्सची नावं. इथल्या अक्षांशावर, म्हणजे ४४ अंश उत्तरेला, असं एक शीट पूर्व-पश्चिम सुमारे २० किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण सुमारे २८ किलोमीटर भाग दाखवतं.

पुढे साडेसात मिनिटांची, १:२४,००० ची मालिका आली. एका जुन्या शीटच्या जागी चार नवी. न्यू इंग्लंडमध्ये काही शीट्स १९८० च्या दशकात १:२५,००० प्रमाणाची आणि मीटरमध्ये उंची देणारीही निघाली, त्यामुळे फूट धरून वाचायला बसाल तर गोंधळ उडेल. २००९ पासून 'यूएस टोपो' या नावाने संगणकावर तयार होणारी आजची मालिका चालू आहे.

सरकारी नकाशांच्या बाहेरही या डोंगरांना फार चांगले नकाशाकार लाभले. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज बाँड यांनी १८५३ मध्ये व्हाइट माउंटन्सचा नकाशा काढला. राज्याचे भूवैज्ञानिक चार्ल्स हिचकॉक यांच्या पथकाने तर १८७०-७१ चा हिवाळा माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर काढला. अॅपलेचियन माउंटन क्लबसाठी लुई कटर यांनी कित्येक वर्षं नकाशे काढले. बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयाचे संचालक राहिलेले ब्रॅडफर्ड वॉशबर्न यांनी १९८८ मध्ये माउंट वॉशिंग्टन जिच्यात येतो त्या प्रेसिडेन्शियल रांगेचा १:२०,००० चा नकाशा प्रसिद्ध केला. त्यासाठी पायवाटा चाक फिरवून मोजल्या होत्या. सुरुवात मात्र यूएसजीएसच्या शीट्सपासूनच करा. त्यांच्या आवृत्त्या एकाच चौकटीत ओळीने मिळतात, म्हणून तुलना सोपी जाते.

पायरी २: शीट शोधा आणि उतरवून घ्या

यूएसजीएसच्या 'टोपोव्ह्यू' या संकेतस्थळावर १८८४ ते २००६ या काळातली पावणेदोन लाखांहून जास्त शीट्स स्कॅन करून ठेवली आहेत. नकाशावर हवी ती जागा मोठी करा, प्रमाण निवडा, की त्या जागेच्या सगळ्या आवृत्त्या सालवार दिसतात. यातल्या नकाशांवर हक्क-बंधन नाही. उतरवा, छापा, वाटा.

फाइल घेताना जिओटिफ घ्या. तिच्यात अक्षांश-रेखांशांची माहिती आत भरलेली असते. जेपेग दिसायला तेच चित्र असतं, पण ते पृथ्वीवर कुठे ठेवायचं हे संगणकाला कळत नाही. फोनवर झटपट बघायचं असेल तर केएमझेड चालतं.

सरावासाठी 'क्रॉफर्ड नॉच' हे १५ मिनिटांचं शीट घ्या. त्याची सगळ्यांत जुनी आवृत्ती, मधली एक आणि त्याच भागाची साडेसात मिनिटांची शीट्स. तीन काळ हवेतच. दोनच असले तर फरक दिसतो, पण तो कधी पडला आणि कशामुळे, हे सांगता येत नाही. शेजारचं शीट लागलं तर त्याचं नाव चौकटीच्या कडेलाच छापलेलं सापडेल.

पायरी ३: नकाशा बघण्याआधी समास वाचा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक गाळतात. माझ्या मते अख्ख्या कामातली हीच सगळ्यांत महत्त्वाची.

जुन्या शीटवर एक तारीख नसते, अनेक असतात. मोजणी कोणत्या साली झाली, आवृत्ती कोणत्या सालची, पुनर्मुद्रण कधीचं. नंतरच्या शीट्सवर यात हवाई छायाचित्रांचं साल, प्रत्यक्ष जागेवर तपासणीचं साल आणि छायाचित्रांवरून केलेल्या दुरुस्तीचं साल यांची भर पडते. समजा कोपऱ्यात १९३२ दिसतंय, पण ते नुसतं पुनर्मुद्रणाचं साल आहे आणि मोजणी १८९० च्या दशकातली आहे. मग त्या शीटवरचं गाव १९३२ मध्ये नांदत होतं असं म्हणता येणार नाही. ते १८९० च्या दशकात नांदत होतं, एवढंच त्यावरून कळतं. टोपोव्ह्यूवर फाइलच्या नावातलं साल आणि मोजणीचं साल वेगळं असू शकतं, म्हणून नावावर विसंबू नका, समासच मोठा करून वाचा.

वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक शीटसाठी एक ओळ करा: शीटचं नाव, प्रमाण, मोजणीचं साल, आवृत्तीचं साल, छपाईचं साल, समोच्च रेषांमधलं (म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं) अंतर, आणि कोणत्या 'डेटम'वर नकाशा बेतलाय ते. डेटमचं प्रकरण पुढे येतंय.

पायरी ४: रंग आणि खुणा

जुन्या शीट्सवर तीनच शाया: तपकिरी रंगात उंचीच्या रेषा, निळ्यात पाणी, काळ्यात माणसाने केलेलं सगळं. छोटा काळा चौकोन म्हणजे घर किंवा इमारत. आडव्या बारीक काट्या मारलेली रेघ म्हणजे रेल्वे. तुटक रेघ म्हणजे पायवाट. तुटक दुहेरी रेघ म्हणजे कच्चा रस्ता. चिन्हांची पूर्ण सूची शीटच्या दर्शनी बाजूला सहसा नसते. यूएसजीएसने ती वेगळी दिली आहे, ती एकदा उतरवून ठेवा. साधारण १९६० नंतरच्या काही शीट्सवर जांभळा रंग दिसेल. हवाई छायाचित्रं बघून नंतर घातलेली भर त्या रंगात छापायचे आणि ती बहुतेक वेळा जागेवर जाऊन तपासलेली नसे. जांभळ्या खुणेवर म्हणूनच थोडा कमी भरवसा ठेवा.

हिरव्या रंगाकडे मात्र नीट लक्ष द्या. १८९० च्या दशकातल्या शीटवर हिरवा रंग नाही आणि १९६० च्या दशकातल्या शीटवर सगळं हिरवंगार आहे, हे बघून कुणीही म्हणेल: बघा, तेव्हा जंगल तोडलं होतं, आता परत आलंय. इतिहासही हेच सांगतो, त्यामुळे निष्कर्ष अगदी पटतो. पण नकाशावरून तो निघत नाही. जंगलासाठी हिरवी शाई वापरायची पद्धत बऱ्याच नंतर रूढ झाली. त्या पहिल्या शीट्सवर जंगल असलेल्या जागाही पांढऱ्याच आहेत. जंगल किती होतं हे शोधायचं असेल तर त्या काळची छायाचित्रं, लाकूड कंपन्यांची कागदपत्रं आणि वनखात्याचे अहवाल लागतील. नकाशा रुळांचे फाटे दाखवतो, तेही मोजणीच्या साली असतील तेवढेच, आणि रूळ जिथे गेले तिथे कुऱ्हाड गेली, एवढा आडवळणाचा पुरावा त्यातून मिळतो.

पायरी ५: समोच्च रेषा कशा काढल्या, ते समजून घ्या

सोंड, धार, खिंड, घळ हे सगळं समोच्च रेषांवरून ओळखता येणं ही सह्याद्रीतल्या ट्रेकरची जमेची बाजू. रेषा ओढ्यावर चढाच्या बाजूला टोक करतात, सोंडेवर उताराच्या बाजूला. हा नियम जगभर सारखाच. फरक आहे तो त्या रेषा कागदावर आल्या कशा, यात.

पहिल्या पिढीचे मोजणीदार प्लेन टेबल घेऊन फिरत. तिपाईवर सपाट फळी, फळीवर ताणून बसवलेला कागद, त्यावर दुर्बीण जोडलेली पट्टी. आधी नक्की केलेल्या एका ठिकाणी टेबल मांडायचं, दूरच्या शिखराचा वेध घ्यायचा आणि त्या दिशेने कागदावरच रेघ ओढायची. दुसऱ्या ठिकाणी जाऊन त्याच शिखराची दुसरी रेघ. दोन रेघा छेदल्या की शिखराची जागा मिळाली, तिसऱ्या रेघेने ती पडताळली. दुर्बिणीचा वरखाली कोन मोजून उंचीचा हिशेब करायचा. असे मोजके बिंदू पक्के झाले की मधल्या उताराच्या समोच्च रेषा समोर डोंगर बघत हाताने काढायच्या.

याचा अर्थ असा की जिथून नजर पोहोचली तिथला नकाशा चांगला आणि जिथे पोहोचली नाही तिथला अंदाजाचा. माउंट वॉशिंग्टनसारखा उघडा माथा आणि त्याच्या धारा चहूबाजूंनी दिसतात. पेमिजेवासेट नदीच्या आतल्या खोऱ्यात, स्प्रूसच्या दाट झाडीत, चार पावलांपलीकडचं दिसत नाही. तिथल्या जुन्या रेषा गोलाईदार, गुळगुळीत दिसतात आणि छोट्या घळी गायब असतात. रेषा फार सरळ-साध्या दिसल्या तर तो उतार खरोखर साधा आहे असं समजू नका. तिथे मोजणीच विरळ झाली असण्याची शक्यता जास्त.

नंतर हवाई छायाचित्रांच्या जोड्यांवरून रेषा काढायला लागले आणि अचूकता पुष्कळ वाढली. झाडीची अडचण मात्र तेव्हाही होती, कारण छायाचित्रात जमीन दिसत नाही, झाडांचे शेंडे दिसतात. १९४० च्या दशकात अमेरिकेने नकाशांच्या अचूकतेची राष्ट्रीय मानकं ठरवली. त्यानुसार ठळक बिंदूंपैकी ९० टक्के बिंदू नकाशावर एका इंचाच्या पन्नासाव्या भागाच्या आत बरोबर असायला हवेत. १:२४,००० वर हे जमिनीवरचे ४० फूट होतात, १:६२,५०० वर १०४ फूट. पहिली शीट्स या मानकांच्या आधीची. त्यांच्यावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर साडेबासष्ट मीटर. फोनवर जुना नकाशा मोठा करत नेला तरी कागदावर नसलेली अचूकता त्यात येत नाही.

पायरी ६: जुना नकाशा नव्यावर ठेवा, आणि किती सरकलाय ते मोजा

क्यूजीआयएस हे नकाशांवर काम करायचं फुकट सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. जिओटिफ त्यात ओढून टाकली की ती आपल्या जागी बसते. खाली आजचा नकाशा, वर जुना, आणि जुन्याची पारदर्शकता निम्म्यावर आणा. काम करण्यासाठी प्रोजेक्टची पद्धत नॅड ८३, यूटीएम झोन १९ अशी ठेवा. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे (झोन) पाडून जागा अंशांऐवजी मीटरमध्ये सांगायची पद्धत. व्हाइट माउंटन्स त्याच झोनमध्ये येतात.

आता डेटम. पृथ्वी पूर्ण गोल नसल्यामुळे अक्षांश-रेखांश मोजताना तिचा आकार काय धरायचा आणि मोजणी कुठून सुरू करायची हे आधी ठरवावं लागतं. विसाव्या शतकातल्या बहुतेक शीट्स नॅड २७ वर आहेत. त्याचा आरंभबिंदू कॅन्ससमधल्या मीड्स रँच इथे. आजचं काम नॅड ८३ वर चालतं. या दोहोंत इथे अक्षांश-रेखांशांचा फरक काही दहा मीटरांचा पडतो, पण यूटीएमचे आकडे उत्तर-दक्षिण दिशेने दोनशे मीटरांच्या आसपास बदलतात. जुन्या शीटवरून यूटीएमचा आकडा वाचून तसाच जीपीएसमध्ये भरला, तर तुम्ही ओढ्याच्या भलत्याच काठावर जाऊन उभे राहाल. जुन्या शीटवरचे आकडे आधी क्यूजीआयएसमध्ये बदलून घ्या. १८९० च्या दशकातल्या शीट्स तर नॅड २७ च्याही आधीच्या, त्यांच्यावर डेटमचं नावच नसतं.

यावर उपाय एकच आणि तो प्रत्येक शीटसाठी करायचा: न हलणारे बिंदू निवडून चूक मोजायची. क्रॉफर्ड नॉच भागात असे बिंदू छान मिळतात. खिंडीच्या माथ्यावरचं साको तळं. सॉयर नदी साको नदीला मिळते तो संगम. १८७५ मध्ये खिंडीतून नेलेली रेल्वे. तिच्या मार्गावरून आजही पर्यटकांची गाडी धावते, तिचा फ्रँकेन्स्टाइन पूल आणि मोठी वळणं. आणि दोन-तीन टोकदार शिखरं. प्रत्येक बिंदू जुन्या नकाशावर कुठे आहे, नव्यावर कुठे, अंतर किती आणि कोणत्या दिशेला, ते लिहा.

आकडे समोर आले की चित्र स्पष्ट होतं. सगळे बिंदू एकाच दिशेला जवळपास सारखेच सरकले असतील, तर तो डेटमचा किंवा शीट बसवण्याचा फरक. सगळं शीट तेवढंच सरकवा. रेल्वे आणि शिखरं बरोबर बसतायत, पण आतल्या दऱ्यांतले ओढे वेगवेगळ्या दिशांना भरकटलेत, तर ती मूळ मोजणीतली अंदाजे काढलेली जागा. ती सरकवून नीट होत नाही. तिथे जुन्या नकाशाकडून एवढंच घ्यायचं की काय होतं आणि साधारण कुठे होतं. तुमची मोजलेली चूक १५० मीटर असेल, तर त्याहून लहान फरकावर कोणताही निष्कर्ष काढू नका.

बाँड किंवा कटर यांच्यासारखे नकाशे जिओटिफ म्हणून मिळाले नाहीत, तर क्यूजीआयएसमधल्या जिओरेफरन्सरने ते स्वतः बसवावे लागतात. दहाएक बिंदू घ्या, ते नकाशाभर पसरलेले असू द्या, आणि संगमांना शिखरांपेक्षा प्राधान्य द्या, कारण रुंद माथ्याच्या शिखराचा नेमका बिंदू कोणता यावर वाद होऊ शकतो.

पायरी ७: फरकाचं कारण शोधा

सरावासाठी लिव्हरमोर हे गाव उत्तम. सॉयर नदीच्या काठी १८७६ मध्ये लाकूड गिरणीसाठी हे गाव वसलं. सॉयर रिव्हर रेल्वे १८७७ पासून डोंगरातले ओंडके गिरणीपर्यंत आणि तिथून खिंडीतल्या मोठ्या रेल्वेपर्यंत आणू लागली. नोव्हेंबर १९२७ च्या महापुराने रेल्वे मोडली, १९२८ मध्ये गिरणी बंद पडली. माणसं निघून गेली आणि १९५१ मध्ये विधिमंडळाने गावाचा दर्जाच काढून घेतला.

आता तुमची तीन शीट्स ओळीने उघडा. सॉयर नदी साकोला मिळते तिथून वर सरकत जा. जुन्या शीटवर नदीच्या काठाने जाणारी काट्यांची रेघ शोधा, मग तिच्या बाजूचे काळे चौकोन मोजा. एकेका चौकोनाला क्यूजीआयएसमध्ये एक बिंदू द्या आणि त्यापुढे शीट आणि मोजणीचं साल लिहा. मग मधल्या आवृत्तीवर जा: चौकोन किती उरले, रेल्वेची रेघ रेल्वेच राहिली की रस्ता झाली की तुटक झाली? शेवटी साडेसात मिनिटांच्या शीटवर. इथे फरक माणसाने केलेला आहे, आणि तो तसा आहे हे तुम्ही ठामपणे म्हणू शकता. कारण शेजारून जाणारी मोठी रेल्वे आणि नदीचा संगम तिन्ही शीट्सवर जागच्या जागी आहेत, आणि कागदोपत्री सालंही जुळतात. एखाद्या शीटवर गाव १९२८ नंतरही जसंच्या तसं दिसलं, तर आधी समासातलं मोजणीचं साल पुन्हा बघा.

याच्या उलट उदाहरण उंचीचं. अॅपलेचियन माउंटन क्लबची ४,००० फुटांवरच्या शिखरांची यादी न्यू इंग्लंडच्या भटक्यांना तोंडपाठ असते. शिखर ४,००० फूट उंच हवं आणि शेजारच्या उंच शिखराला जोडणाऱ्या खिंडीपासून किमान २०० फूट वर उठलेलं हवं, हा नियम. न्यू हॅम्पशायरची ही यादी ४६ शिखरांनी सुरू झाली. नव्या मोजणीत बसल्यामुळे १९७५ मध्ये गेलहेड आणि १९८० मध्ये बाँडक्लिफ तीत आली, अशी ४८ झाली. डोंगर वाढले नव्हते, मोजणी सुधारली होती. माउंट टेकुमसेची छापील उंची ४,००३ फूट होती. २०१९ मध्ये लायडारच्या, म्हणजे विमानातून लेझरने केलेल्या मोजणीत ती ४,००० च्या किंचित खाली आली. दोन आवृत्त्यांत शिखराची उंची वीस फुटांनी बदललेली दिसली, तर मोजणीकडेच बोट दाखवा.

नावांचा फरक ही चौथी, वेगळीच गोष्ट, आणि ती नवख्यांना सगळ्यांत जास्त फसवते. माउंट क्लिंटन आणि माउंट पियर्स हे एकच शिखर. राज्याने १९१३ मध्ये ते माजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पियर्स यांच्या नावे केलं, पण जुनं नाव बरीच वर्षं चालू राहिलं. माउंट क्लेला राज्याने २००३ मध्ये रेगन यांचं नाव दिलं, ते भौगोलिक नावांच्या केंद्रीय मंडळाने २०१० मध्ये नाकारलं. म्हणून शिखर शोधताना नावाने नको, जागेने शोधा. केंद्र सरकारच्या नावांच्या सूचीत पर्यायी नावंही दिलेली असतात. इथले मूळ रहिवासी असलेल्या अबेनाकी लोकांची नावं या शीट्सवर फारच थोडी उरली. माउंट वॉशिंग्टनला ते अॅगिओकोचुक म्हणत. नकाशा कुणाच्या तोंडची नावं टिपतो, हे बघणंही या अभ्यासाचा भागच आहे.

पायरी ८: लायडारने पडताळा

विमानातून लेझरचे किरण सोडून जमिनीची उंची मोजणारं हे तंत्र झाडीच्या फटींतून थेट जमिनीपर्यंत पोहोचतं. यूएसजीएसचा उतारछायेचा थर क्यूजीआयएसमध्ये जोडता येतो. न्यू हॅम्पशायर राज्याच्या ग्रॅनिट या भांडारातही ही माहिती आहे. झाडं बाजूला काढून ठेवावीत तशी जमीन दिसते.

जुन्या शीटवरचा रुळांचा फाटा या थरावर शोधा. रुळांची वाट ओळखण्याची खूण म्हणजे तिचा एकसारखा चढ आणि मोठी, सावकाश वळणं. उताराच्या एका बाजूने कापलेली, दुसऱ्या बाजूला भर घातलेली सपाट पट्टी लायडारवर बारीक पायरीसारखी दिसते. घोड्यांच्या ओंडकेवाट्या याहून अरुंद, जास्त तिरक्या आणि मधेच चढणाऱ्या. शीटवरची रेघ आणि लायडारवरची पट्टी शंभर मीटर दूर असली पण वळणं तीच असली, तर ती एकच वाट. लायडारवर दिसते पण कोणत्याच शीटवर नाही, अशाही पट्ट्या सापडतील: दोन मोजण्यांच्या मधल्या काळात बांधून उखडलेले फाटे. मला या कामात सगळ्यांत जास्त आनंद त्यांनीच दिलाय.

पायरी ९: जागेवर जाणं

लिव्हरमोरला जायला रूट ३०२ वरून सॉयर रिव्हर रोडने आत शिरा. हा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. पानं गळाल्यावर आणि बर्फ पडण्याआधीचे दिवस अवशेष बघायला उत्तम, कारण पायवाटेवरूनच भिंतींचे चौथरे दिसतात. मात्र तोच शिकारीचा हंगाम असतो, म्हणून भडक नारिंगी जाकीट किंवा टोपी घालाच. उन्हाळ्यात आलात तर गोचिडांसाठी अंग तपासा. उंचावर जायचा बेत असेल तर हवामानाचा अंदाज त्याच सकाळी बघा. माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर १९३४ मध्ये ताशी २३१ मैलांचा वारा मोजला गेलाय, आणि तिथली हवा तासाभरात फिरते.

खोऱ्यांत फोनची रेंज नसते. नकाशे आधीच फोनवर उतरवून ठेवा आणि आजच्या शीटची कागदी प्रत खिशात ठेवा. वाट शोधायची ती आजच्या नकाशावर. जुना नकाशा फक्त अभ्यासासाठी. जुन्या शीटवरचा पूल आज असेलच असं नाही. होकायंत्र वापरत असाल तर इथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या सुमारे १४ ते १५ अंश पश्चिमेला आहे, म्हणजे होकायंत्रावर ९० अंश दिसले तर खरी दिशा ७५ च्या आसपास. महाराष्ट्रात हा फरक इतका छोटा असतो की तो सोडून द्यायची सवय लागते. इथे सोडला तर किलोमीटरभरात अडीचशे मीटर बाजूला जाल. हा कोन वर्षागणिक बदलतो. जुन्या खरेदीखतांतले कोन वाचायचे असतील तर त्या सालचा कोन नोआ या सरकारी संस्थेच्या गणकयंत्रावर मिळतो.

विटा, खिळे, रुळाचे तुकडे, बाटल्या जे काही दिसेल ते जागेवरच राहू द्या. राष्ट्रीय वनातले ऐतिहासिक अवशेष उचलणं हा गुन्हा आहे, आणि उचललेली वस्तू तिच्या जागेपासून तुटली की ती काय सांगत होती तेही गेलं. छायाचित्र काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून आकार कळू द्या, जीपीएसचा आकडा नोंदवा आणि कोणत्या डेटमवरचा ते त्याच ओळीत लिहा. घरी आल्यावर प्रत्येक बिंदूपुढे तीन रकाने भरा: कोणत्या शीटवर दिसतो, लायडारवर दिसतो का, जागेवर काय सापडलं. 'काहीच सापडलं नाही' हेही लिहा, तीही नोंदच आहे.

लिव्हरमोर जमलं की पेमिजेवासेटच्या ईस्ट ब्रँचचं खोरं घ्या. ईस्ट ब्रँच अँड लिंकन या लाकूड रेल्वेचं काम १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं आणि ती १९४८ पर्यंत चालली. आज लिंकन वुड्स ट्रेल तिच्याच वाटेने जाते, आणि पलीकडचा मोठा भाग १९८४ पासून संरक्षित विल्डरनेस आहे. हे खोरं लिव्हरमोरपेक्षा बरंच मोठं, फाटे पुष्कळ, आणि जुनी मोजणी झाडीमुळे विरळ. म्हणून सगळं खोरं एकदम हाती घेऊ नका. एकच उपनदी निवडा, तिची तीन काळांतली शीट्स उतरवा आणि न हलणाऱ्या बिंदूंवरून चूक मोजूनच पुढे सरका.